निळ्या फाटकापर्यंतची वाट

बाई, ऐकाल तर हसाल. जुलैपासून मी पाचवीला मराठी शिकवते आहे. तुमच्या वर्गात निबंध म्हटला की पेन्सिलीला टोक काढत बसणारी मी. पंचवीस वर्षं गणित शिकवलं, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. यंदा मराठीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, सहा महिने तेवढं सांभाळून घ्या." अक्षर चांगलं म्हणून मराठी! मी हजेरीपट घेऊन बाहेर आले. वेळेवर बोलणं मला कधीच जमलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पहिल्याच आठवड्यात मी 'माझी शाळा' हा निबंध दिला. बेचाळीस वह्या आल्या आणि बेचाळीसही वह्यांत शाळा सुंदर, प्रशस्त आणि भोवती हिरवीगार झाडं. आमच्या शाळेला एक कडुनिंब आहे, तोही कुंपणाबाहेर. घरी वह्या तपासायला बसले तर चूक कुठं सापडेना आणि बरोबर काहीच वाटेना. शेवटी लाल पेनाला टोपण घातलं. मग तुमची छत्री आठवली.

आमचा पाचवीचा वर्ग. तुम्ही ती काळी छत्री टेबलावर आडवी ठेवता आणि म्हणता, "शाळेच्या फाटकापासून तुमच्या घरापर्यंतची वाट लिहा. रविवारी मी वही घेऊन निघीन. रस्त्यात कोणाले विचारणार नाही. पोचली तर चहा पिईन, नाही पोचली तर तशीच परत." आम्हाला ती गंमतच वाटली. पण तुम्ही खरंच निघत होतात, दर रविवारी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कोणाची तरी वही. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलानं लिहिलं होतं, 'जिथं कुत्रं बसून राहते तिथून वळा.' सोमवारी तुम्ही त्याला उभं केलंत. "कुत्रं नव्हतं गा." "बाई, ते रोज बसते." "मग रविवारी त्याले सुट्टी होती काय?" एकीनं 'मग सरळ जा' असं लिहिलं आणि थांबायचं कुठं ते लिहिलंच नाही. तुम्ही पार रेल्वेच्या रुळांपर्यंत जाऊन आलात. "मले इटारसीले पाठवत होती काय वं?" सगळा वर्ग बाकं वाजवून हसला, तीसुद्धा हसली. फळ्यावर तुम्ही एकही नियम लिहिला नाहीत. पण दर सोमवारी आम्हाला थोडं थोडं कळत गेलं. खूण सांगायची ती जागची हलणारी नको. एका वाक्यात एकच वळण पुरे. आणि 'सुंदर घर' असं लिहून कोणालाही घर सापडत नाही. "मले तिथं सगळीच सुंदर दिसली, त्यातलं तुहं कोणतं?" असं तुम्ही विचारलंत की लिहिणारा डोकं खाजवायचा.

माझ्या वहीची पाळी दिवाळीनंतर आली. आमचं घर संत्रा मार्केटच्या मागे होतं, दोन खोल्यांचं. बाबा संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकायचे. बसायला पेटी, अभ्यासाला पेटी, देवही पेटीवरच. पेट्यांत घालायचं भाताचं तणस घरभर असायचं. आदल्या वर्षी एका मुलीनं माझ्या वेणीतली तणसाची काडी काढून सगळ्यांना दाखवली होती. त्यानंतर मी घरून निघताना दोनदा केस विंचरायची. तुम्ही आमच्या घरी येऊन पेटीवर बसाल, हे मला सोसेना. शाळेच्या फाटकातून उजवीकडे वळलं की आमचं घर. मी लिहिलं, डावीकडे वळा. दिवाळीत बाबांनी धरमपेठेतल्या एका बंगल्यात संत्र्यांची पेटी पोचवली होती, तेव्हा मी सायकलच्या दांड्यावर बसून गेले होते. तीच वाट लिहिली, आणि अशी लिहिली की आयुष्यात तसं काही लिहिलं नव्हतं. चार वेळा खोडलं. मैदानाची भिंत संपेपर्यंत चाला. भिंत संपते तिथं लाल टपालपेटी आहे. तिथून उजवीकडे वळा आणि फाटकं मोजा. चौथं फाटक निळं आहे, आत दोन अशोकाची झाडं आहेत. तेच माझं घर.

सोमवारी प्रार्थनेनंतर तुम्ही मला व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी नेलंत. आता परत नेऊन वर्गासमोर उभं करणार, असंच मला वाटलं. तुम्ही वही उघडलीत. "असं लिहिलं तू, का मी एका जागीही अडखळली नाही. आंधळ्याले सापडलं असतं ते घर. त्या लोकांनी चहा पाजला मले, चिवडाही दिला. माणसं चांगली आहेत. पण तू नव्हती वं तिथं." मी बंद नळ आणखी घट्ट पिळला. "मी तुह्या आईच्या हातचा चहा प्याले गेली होती," तुम्ही म्हणालात, आणि वही माझ्या हातात दिलीत. त्यावर दहापैकी दहा होते. खाली लिहिलं होतं, 'पुन्हा येईन.' वर्गात तुम्ही याबद्दल एक शब्द काढला नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर.

त्याच आठवड्यात मी वहीच्या शेवटच्या पानावर खरी वाट लिहिली. 'फाटकातून उजवीकडे वळा' इथून सुरू करून आमच्या दारातल्या तणसाच्या ढिगापर्यंत. दाखवली मात्र नाही. तुम्ही कधी मागितली नाहीत, फक्त वह्या गोळा करताना माझ्यापाशी थोडं जास्त थांबायचात. मग वर्ष संपलं. मी नववीत असताना तुम्ही वारल्याचं शाळेत सांगितलं, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन ते पान वाचलं. वही अजून माझ्याकडे आहे.

तर यंदा मी पाचवीला तीच वाट लिहायला दिली. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, पालकांना कळवलं. एकानं लगेच हात वर केला, "मॅडम, वही कशाले? लोकेशन पाठवतो ना मी!" म्हटलं, फोन घरी ठेवून येणार आहे. "मग तुम्ही चुकान न मॅडम." म्हटलं, मी चुकले तर मार्क तुझे जातील. तो ताबडतोब लिहायला बसला. रविवारी सकाळी मी स्कूटी शाळेत लावते आणि चालत निघते. छत्री नाही, टोपी असते. दोनदा चुकले. एकदा लग्नाच्या मांडवात शिरले, कारण वहीत 'जिथं पाहुणे दिसतील ते घर' असं लिहिलं होतं, आणि वही लिहिणाऱ्या मुलाच्या घरचे पाहुणे शनिवारीच परत गेले होते. बाकी घरं सापडली. "असं कोणी येते काय आजकाल," म्हणत प्रत्येक आई पोहे पुढे करते, वर तर्री, नको म्हटलं तरी. माझं वजन वाढलं आहे, बाई.

मागच्या रविवारी एका मुलीची वही होती. वर्गात ती फारसं बोलत नाही, म्हणून मला ती आवडते. तिनं लिहिलं होतं, 'पिठाच्या गिरणीनंतर दुसरी गल्ली. गल्लीत शेवटचं घर. दाराले पडदा आहे. पडद्यावर मोर आहे, मोराचं डोकं फाटलं आहे. मी बाहेर उभी राहीन.' 'दाराले' या शब्दावर माझं लाल पेन गेलं होतं, पण मी ते उचललं. गिरणी सापडली, गल्ली सापडली, फाटक्या डोक्याचा मोर सापडला. मुलगी मात्र दिसेना. मी वही पुन्हा वाचली. तेवढ्यात पाण्याच्या ड्रममागून खुदखुद ऐकू आली आणि ती उडी मारून बाहेर आली. "आल्या! आई वं, मॅडम आल्या! मी म्हटलं होतं न!" मी विचारलं, "लपली काहून होतीस?" "पाहून राहिली होती मॅडम. माह्या लिहिण्यानं तुम्ही येता का नाही ते."

तिच्या घरात भिंतीला टेकून झाडू रचलेले होते. तिची आई झाडू बांधते. "काड्या टोचतील, जपून बसा," आई म्हणाली आणि आम्ही तिघी त्या काड्यांत बसून चहा प्यायलो. निघताना माझ्या पदराला काडी लागली होती. मुलीनं ती काढली, मला दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या घरची खूण घेऊन चालल्या." मी हसले. रस्ताभर हसत होते.

हे पत्र टपालात पडणार नाही. पाचवीच्या हजेरीपटाखाली ठेवीन म्हणते. पण ती मुलगी ड्रममागून बाहेर आल्यापासून एक गोष्ट मनात आहे. तुम्ही म्हणालात, तू नव्हती तिथं. बाई, मी होते. त्या रविवारी घरी मैत्रिणीचं नाव सांगून मी चालत धरमपेठेत गेले आणि समोरच्या चिंचेमागे उभी राहिले. तुम्ही टपालपेटीपाशी थांबून वही उघडलीत, छत्रीच्या टोकानं फाटकं मोजलीत, एक, दोन, तीन, आणि चौथ्यापाशी एकट्याच हसलात. मला इतका आनंद झाला की तोंडावर हात दाबून धरावा लागला. मी लिहिलं आणि तुम्ही आलात. मग तुम्ही कडी वाजवलीत, आणि मी चपला हातात घेऊन घरी पळाले.