मुळ्याच्या वाफ्यातला किडा

प्रिय सोन्या,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोलायला गेले तर जीभ अडखळेल, म्हणून कागद घेतला.

गेल्या महिन्यात परसातल्या मुळ्याची रोपं एकेक करून माना टाकायला लागली. वाफ्यावर बोटभर जाडीच्या मातीच्या फुगीर रेघा उठल्या होत्या. तुझे बाबा खुर्चीतून पाहत होते. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा आहे आणि बोलणं तुटक. त्या दिवशी मात्र त्यांनी डाव्या हाताने खुरपं मागितलं, वाफ्याशी बसकण मारली आणि तासाभराने एक किडा उकरून काढला. करंगळीएवढा, तपकिरी, रातकिड्याच्या जातीचा वाटावा असा. पण पुढचे दोन पाय म्हणजे चक्क दातेरी फावडी. मुठीत धरला की बोटं उचकटून बाहेर यायचा. जन्मभर कात्री चालवलेल्या शिंप्याच्या मुठीतून! बाबा हसले. किती वर्षांनी, देव जाणे.

त्यांनी तो बरणीत ओल्या मातीत ठेवला आणि मला म्हणाले, "त्याला... विचार. त्याला ठाऊक असेल." तू घर सोडून एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुझा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला.

तुझी ती पुठ्ठ्याची पेटी मी विसरलेले नाही. अकरा वर्षांचा होतास. दुकानातल्या टाचण्या पळवून चाळीस किडे टोचून ठेवले होतेस, प्रत्येकाखाली तुझ्या अक्षरात नाव. बाबांनी ती इस्त्रीच्या शेगडीत तुझ्याच हातांनी टाकायला लावली. "असल्या फालतू गोष्टींना माझ्या घरात जागा नाही," म्हणाले. मी ओल्या हातांनी दारात उभी होते. ब्र काढला नाही. पुढेही कधी काढला नाही, स्वतःसाठीसुद्धा.

तर मी स्वयंपाकघरात गेले, बंद फोन कानाला लावला, मोठ्याने बोलले आणि बाहेर येऊन सांगितलं, "तो म्हणतो, असल्या फालतू गोष्टींना मला वेळ नाही." त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, सोन्या. तुझ्यापासून काय लपवू, अगदी जीव थंडावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने किड्याचं वेडंवाकडं चित्र काढलं, "पाठव" म्हणाले. मी ते फाडलं आणि पाठवलं म्हणून सांगितलं. असा पाच वेळा तुझा नकार त्यांना ऐकवला, दरवेळी थोडं तिखटमीठ वाढवून. शेवटी त्यांनी बरणी वाफ्यात उपडी केली आणि विचारायचं सोडलं. मग जेवणही सोडलं.

डॉक्टर म्हणतात, फार तर दोन आठवडे. काल बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." तेव्हा उमगलं, सूड माझा होता आणि घेतला मात्र तुझ्या नावावर. तुला एका शब्दाने न विचारता. म्हणून हे पत्र. यायचं की नाही ते तू ठरव. आलास, तर एवढंच कर: त्यांना खरं सांगू नकोस. नकार तूच दिला होतास, असंच म्हण. बेचाळीस वर्षं मी त्यांच्यासमोर मान खाली घालून काढली. आता या शेवटच्या दिवसांत पुन्हा घालायची नाही मला.

तुझीच,
आई