बेलोऱ्याचं विमान

४ ऑक्टोबर
—आणि हे दारात उभे, खाकी शर्टाची बटणं लावत. "ठेचा जास्त टाक वं, कंडक्टर माह्याच डब्यात जेवते." सडा झालेला, दूध तापलेलं, मी भाकरी थापतेय. रोजची सकाळ. अकोला–अमरावती एसटी, आयुष्यभर तोच रस्ता. सावलीच्या खिडकीवरून लोक भांडायचे, तेव्हा हे म्हणायचे, "जाताना ज्याले ऊन, येताना त्याले सावली. भांडता कावून?"
आज तव्यापाशी हे सगळं आठवत बसले. भाकर करपली.
पियुषचा फोन आला होता. "आई, दिवाळीले विमानानं येतो! मुंबईहून थेट अमरावती!"
थेट अमरावती. म्हणजे थेट सासुरवाडी.

६ ऑक्टोबर
रेल्वेने यायचे तेव्हा आधी अकोला लागायचं. म्हणून आधी मी! दोन दिवस माझ्याकडे, मग सुनेच्या, आरतीच्या माहेरी. आता विमान उतरणार अमरावतीच्या बेलोऱ्याला. आपल्या अकोल्याच्या शिवणीचा विमानतळ आहे तिथेच आहे, पण प्रवासी विमान येत नाही.
मोबाइलवर शोधलं. शिवणी ते बेलोरा हवेतून सत्तर किलोमीटर, विमानाने वीस मिनिटं, असं लिहिलंय. वा! बसायचं कशात ते नाही लिहिलं.

९ ऑक्टोबर
नात आठ महिन्यांची झाली. अजून वऱ्हाडात आलेली नाही. लेकरू पहिल्यांदा शीव ओलांडून आलं की त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. तो मान पहिल्या घराचा. म्हणजे दुर्गाबाईचा, आरतीच्या आईचा!
तिला सगळंच पहिलं. बाळंतपणाला मुंबईला तीच गेली. तिचा नवरा अजून तिच्यासमोर बसून चहा पितो, साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो. आणि आता नातही आधी तिलाच.
वाचनालयातलं पुस्तक उघडलं. एकच पान तीनदा वाचलं.

१० ऑक्टोबर
जळते मी. लिहून टाकलं.

१६ ऑक्टोबर
दुर्गाबाईचा फोन. "विहीणबाई, उद्या तुमी बी या ना बेलोऱ्याले."
"तुमचा मान आहे, तुमीच मिरवा," मी फाडकन बोलले.
ती म्हणाली, "रेल्वे होती तवा माही पोरगी दोन दिवस तुमच्याकडं राहून मंग माह्याकडं यायची. गाडी आमच्या बडनेऱ्याले आली की मले वाटे, आता उतरली असती. अकोला आधी लागते म्हणून मी तुमाले कधी बोलली काय?"
"नाई."
"मंग?"
"जेवल्या का?" असं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला.
हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. एवढी वर्षं!

१८ ऑक्टोबर
काल पहाटे उठून भाकरी केल्या. पहिल्या एसटीने अमरावतीला, तिथून बेलोऱ्याला. भाकर माझी होती. ओवाळली दुर्गाबाईने. मी पाण्याचा तांब्या धरला.