मशीन का थांबायचं

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय. मी कॉलेजात जातेय, आज आमच्या डिजिटल मीडियाच्या वर्गाच्या फिल्म दाखवणार आहेत.

"असल्या उद्योगांनी पोट भरतं का," म्हणालात, तेव्हापासून आपण कामापुरतंच बोलतो. पण काल माझ्या फिल्मचा आवाज साफ करताना हेडफोनमध्ये ऐकलं. मी रेकॉर्डिंगला बसले की तुमचं शिलाई मशीन थांबतं आणि तुम्ही गिऱ्हाइकाला दबक्या आवाजात सांगता, "जरा दम धरा, आमच्या पोरीचं काम चाललंय." फार बरं वाटलं.

मागचे सगळे आवाज काढले, एवढं वाक्य ठेवलंय. मॅडम काढ म्हणाल्या, मी अडून बसले. हट्ट कुणाचा घेतलाय, तुम्हाला ठाऊकच आहे.

पाचला सुरू होईल. आज अजून एकदा मशीन बंद ठेवा आणि या.

तुमची ठमी