हेट म्हणजे लांब

२ फेब्रुवारी, शनिवार. मेणबत्त्यांचा सण.
आज आलं: तार्नूफच्या पाबीस महाशयांकडून बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल, मादी, १८० झ्वॉटी. काचेची पेटी, वापरलेली, ४०. गरम चटई, ५५. रातकिड्यांचा डबा, ६. बसच्या ड्रायव्हरने जपून आणली, त्याला ५. खोक्याची दोरी गुंडाळून ठेवली.
खर्चाचं कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे ह्यांनी विचारायला नको. क्राकुफची नात, ओतिलिया, हिचा मे महिन्यात पहिला कम्युनियन, पांढऱ्या झग्यातला चर्चचा विधी. तिला पालच हवी. तिकडची आजी, जावयाची आई, सायकल देणार आहे. दुकानातली वस्तू कोणीही देईल. मी आपल्या घरात जन्मलेलं पिल्लू देणार.
खोक्यावर चिठ्ठी: ‘मादी. एनिग्मा, हेट अल्बिनो.’ एनिग्मा हे म्हणे वाणाचं नाव. शब्दकोशात अर्थ गूढ, रहस्य. जपमाळेतही आपण रहस्यांचंच चिंतन करतो. शुभ नाव. अल्बिनो म्हणजे पांढरं. आणि हेट म्हणजे आमच्या बोलीत लांब, पार डोंगरापलीकडे. तेव्हा पांढरा पूर्वज कुठेतरी फार लांबचा. काळजी नको. मॅट्रिक झालेलं वाया जात नाही.

५ फेब्रुवारी.
पाल मान वर करून बघत बसते. पाच-पाच मिनिटं, न हलता. वर भिंतीवर क्रूस आहे. मला भरून आलं. हे म्हणाले, “क्रूस डावीकडे आहे. ती छताची भेग बघते. मीही बघतो, तीन वर्षं. तू दुरुस्त करू देत नाहीस.”

७ फेब्रुवारी, गुरुवार.
उपवासाआधीचा गोडाचा गुरुवार. शेजारच्या गेनोवेफाबाई डोनट घेऊन आल्या. त्यांचा थोरला आयर्लंडला निघाला, त्याची पाल कोणाला नको. नर! फुकट! चिठ्ठी अक्षरशः तीच: एनिग्मा, हेट अल्बिनो. म्हटलं, बाई, पत्रिका जुळली. त्या म्हणाल्या, “पोरगा म्हणत होता, ही जोडी लावण्याआधी जाणकाराला विचारा. आणि हा जरा तिरका चालतो हं.” म्हटलं, तुमचा पोरगाही तिरकाच चालतो, त्याला नाही का नोकरी लागली.

११ फेब्रुवारी.
पाबीस महाशयांना पत्र टाकलं: दोघेही एनिग्मा, हेट अल्बिनो, म्हणजे पांढरं लांबचंच; जोडी लावू का? हे म्हणाले फोन कर. फोनला मिनिटामागे पैसे पडतात. जुन्या पाकिटावरचं शिक्का न बसलेलं तिकीट वाफेवर सोडवून लावलं. छान चिकटलं.

१२ फेब्रुवारी. दुपार.
उद्या राखेचा बुधवार. पुढे ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ, त्यात लग्नं लागत नाहीत. उत्तराची वाट बघत बसले तर एप्रिल उजाडेल आणि मेमध्ये मी काय, अंडं देऊ? देवाचं नाव घेऊन नराला पेटीत सोडलं. संध्याकाळच्या आत उरकलं.
ह्यांनी विचारलं, मनात पाल चुकचुकत नाही का? म्हटलं, पाल पेटीत आहे, मनात नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार.
शुक्रवारी मांस वर्ज्य. पालीला रातकिडे चालतील का, फादरना विचारलं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतः खाणार नसाल तर माझी हरकत नाही.” तरी नाहीच दिले. तशीही ती हल्ली झडप घालते ती किड्याच्या बोटभर बाजूला. उपवास तिला आपोआप घडतो.

८ मार्च.
दोन अंडी! दह्याच्या डब्यात ओलसर भुसभुशीत खडी, डबा थर्माकोलच्या पेटीत, पेटी खोली उबवणाऱ्या टाइल्सच्या शेगडीवर. सत्तावीस अंश.

२० मार्च.
पत्र परत आलं. तिकीट अमान्य. लग्न होऊन गेलं, आता संमती कोणाची मागायची? पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

३१ मार्च, ईस्टर.
पहाटे चर्चभोवती तीन फेऱ्यांची मिरवणूक. घरी येऊन बघते तर पाल पेटीत गोल फिरते आहे. मोजल्या. बरोब्बर तीन फेऱ्या! ह्यांना बोलावलं. ह्यांनी पुढे मोजत ठेवलं. चाळीसला मला म्हणाले, “हिची मिरवणूक संपत का नाही?” नरही फिरत होता. तोही डावीकडेच.
पेटीवर भरतकामाचा रुमाल टाकला. जेवताना बरं दिसत नाही.

३ मे. राणी मारियाचा सण.
दोन्ही फुटली. एक ठिपक्यांचं. दुसरं पांढुरकं, एकही काळा ठिपका नाही, डोळे लालसर. कम्युनियनच्या झग्याचा रंग! खूणच ही. ह्यांनी चष्मा लावून बघितलं. मग म्हणाले, “पांढरं लांब होतं ना, डोंगरापलीकडे? मग आपल्या शेगडीवर कसं आलं?”
भांडी घासायला घेतली.

१२ मे.
ठिपक्यांचं पिल्लू खेळकर आहे. उताणं पडतं, गोल लोळतं. खेळकरच म्हणायचं. उलटं पडलं की आपलं आपल्याला सरळ होता येत नाही, मी बोटाने करते. आज अकरा वेळा.
पांढरं शांत. नुसती मान तिरकी.
जुनं पत्र काढून पाबीस महाशयांना पाठवलं. या वेळी विकतचं तिकीट. सहज. कळलेलं बरं.

१९ मे, रविवार.
ओतिलिया पांढऱ्या झग्यात देवदूत दिसत होती. सायकलकडे तिने बघितलं नाही! पांढरं पिल्लू तळहातावर घेतलं, त्याने मान वर केली. तिने विचारलं, “आजी, हे काय करतंय?” मी सगळ्यांदेखत सांगितलं, “प्रार्थना. ते वर बघत असेल तेव्हा त्याला हात लावायचा नाही, मध्ये काही द्यायचं नाही.” बर्नादेताच्या, माझ्या लेकीच्या, डोळ्यांत पाणी आलं. तिकडच्या आजीने केक जास्त खाल्ला.

२४ मे.
पाबीस महाशयांचं उत्तर. उतरवून घेते, म्हणजे हिशेब स्वच्छ राहील.
“बाई, हेट म्हणजे लांब नव्हे. हेट म्हणजे आत. अंगात आहे, वर दिसत नाही. दोघांच्या आत असेल तर चारांत एक पांढरं निघतं. त्यात पाप नाही. एनिग्माचं वेगळं. ते आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं, आणि रंगाबरोबर डोक्याचं दुखणं घेऊन येतं. मान वर होणं, गोल फिरणं, नेम चुकणं, लोळणं. औषध नाही. म्हणून एनिग्माला एनिग्मा कधी देत नाहीत. चारांत तिघांना लागतं. जोडी लावली नसेल अशी आशा करतो. काही जपून वाढवली तर जगतात. घास चिमट्याने तोंडाशी न्यावा लागतो, नाहीतर भरल्या पेटीत उपाशी मरतात.”
दोनदा वाचलं. आत. मी लांब समजत होते.
नर-मादीच्या मध्ये पुठ्ठा घातला.

२५ मे.
ठिपक्यांचं सकाळी उताणं सापडलं. रात्री मी झोपले होते. ह्यांनी सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा केला. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
टपालात ओतिलियाचं कार्ड. “आजी, ते खूप भाविक आहे. सारखं वरच बघतं. जेवायलासुद्धा थांबत नाही. मी मध्ये काहीच देत नाही, तू सांगितलंस तसं.”

२७ मे, सोमवार.
फोन करायला घेतला. फोन बर्नादेता उचलते. ती विचारेल, आई, मग ती प्रार्थना? ठेवून दिला. पत्रच लिहिलं. नक्कल:
“लाडक्या ओतिलिया, आजीची चूक झाली. ते प्रार्थना करत नाही, त्याला बरं नाही. आता ते वर बघत असलं तरी थांबू नकोस. छोटा किडा चिमट्यात धरून अगदी तोंडाशी ने, त्याने धरला नाही तर परत ने. पत्र वाचल्या वाचल्या, दप्तर खाली ठेवायच्याही आधी. सोबत पाकीट आहे, त्यावर सगळ्यात महागाचं, जलद टपालाचं तिकीट मी स्वतः विकत घेऊन लावलं आहे. त्याने खाल्लं का, एवढंच उलट टपाली कळव.”