एक नऊ नऊ

वाशी, सेक्टर ९
रविवार, ८ मार्च १९९८

प्रिय रहमान,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी लेकीला, सबिहाला विचारशील, हे गं कुणाचं. माझंच आहे, लेका. साडेतीन वर्षं आपण बोललो नाही, आणि त्याआधी दहा वर्षं जे बोललो ते चहावर नाहीतर हवेतून, वायरलेसवर. वाशीहून उरणला कागद धाडायची वेळच आली नव्हती, त्यामुळं सुरुवात कुठून करावी कळेना. राजाबाईचं म्हणणं, आधी घरचं लिहा, बाकीचं आपोआप येतंय मागनं. तर घरचं ठीक आहे. तिचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. इंद्रजितला महापेला एका कंपनीत चिकटवलंय. पोरगा वर्षभर घरात ओरडूनच बोलायचा, मी आपला नव्या नोकरीचा ताण असेल म्हणून सोडून द्यायचो. खालच्या केशरबाई आहेत तशाच आहेत. आपली ॲन्टेनाची तार म्हणजे सोसायटीनं त्यांच्या साड्यांसाठीच बांधलीय, असं त्या अजून धरून चालतात. आठवतं ना, एकदा ऐन स्पर्धेत जपान ऐकू येईना म्हणून आपण दोघं सेट खोलून बसलो, आणि वर जाऊन बघतो तर तारेवर तीन ओल्या नऊवारी. तू म्हणालास, हौसा, जपान साडीच्या पदरात अडकलंय. त्या दिवशी हसून हसून आपले दोन तास गेले आणि शेवटी नंबरही गेला.

काल बसल्या बसल्या आपली पहिली भेट आठवली. मी कोल्ड स्टोअरेजमध्ये कॉम्प्रेसरवर होतो. तू बोटवाल्यांचे वायरलेस सेट दुरुस्त करायचास, आणि कुणातरी नाखव्याबरोबर बर्फाच्या गाडीतून आला होतास. मी पान्यानं पाइप ठोकून गॅस कुठं तुंबलाय ते ऐकत होतो. तू माझ्या कानाशी येऊन ओरडलास, त्या कॉम्प्रेसरजवळ ओरडल्याशिवाय कुणाचं कुणाला काय कळणार. म्हणालास, तू आत्ता काय बोललास, ठाऊक हाय तुला? मी म्हटलं, मी कुठं काय बोललो. तर तू म्हणालास, पाइपावर दोन टिंबं न एक रेघ वाजवलीस, ते 'यू' झालं. सातवी पास माणसाला तू कपावर चमचा वाजवून मोर्स शिकवलंस. मी टिंबं मोजत बसायचो आणि तू चिडायचास. मोजू नको रे, गाणं मोजतोस काय, ओळखतोस. रद्दीच्या दुकानातून इंग्रजी मासिकं आणून मी ती शब्द-शब्द लावत वाचली, दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा हॅम रेडिओचं लायसन्स मिळालं. राजाबाईनं पेढे वाटले तेव्हा शेजारी विचारत होते, मुलगी झाली का मुलगा. पन्नाशीला टेकलो होतो तेव्हा मी.

मग नोव्हेंबरअखेरची ती जगाची स्पर्धा. अठ्ठेचाळीस तास, सेटसमोर बसायचं आणि मिळेल त्या देशाला हाक घालायची. समोरच्यानं रिपोर्ट द्यायचा, आपण द्यायचा, वहीत लिहायचं, पुढं. रिपोर्टचे तीन आकडे तूच मला बोटांवर शिकवलेस. पहिला, समोरच्याचं किती समजतंय, एक ते पाच. दुसरा, आवाज किती जोरात येतोय, एक ते नऊ. तिसरा, सूर किती स्वच्छ, तोही नऊपर्यंत. आणि हे सगळं शिकवून झाल्यावर डोळा मारून सांगितलंस की स्पर्धेत मात्र सगळेच सगळ्यांना पाच नऊ नऊ देतात, ऐकू येवो न येवो, कारण खरं सांगत बसायला वेळ कुणाला. मला तेव्हा ते फार मजेशीर वाटलं होतं. अख्खं जग दोन दिवस एकमेकांशी गोड खोटं बोलतंय.

आपली पद्धत ठरलेली. माझी तार उंच म्हणून तू दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला. तू हॅक्सॉच्या पात्याची केलेली ती मोर्स वाजवायची की घेऊन बसायचास, बाहेरचं स्टेशन पकडायचास, त्याचं नाव कीवर परत वाजवून पक्कं करायचास, आणि तू वाजवलेलं ऐकून मी वहीत उतरवायचं. ९३ साली आपण जीव काढून खेळलो. पुढच्या सप्टेंबरात निकाल आला, त्याबरोबर आपल्या चुकांचा कागद. चाळीसच्या वर संपर्क बाद. 'एच' असेल तिथं माझ्या वहीत 'एस', चार टिंबांच्या जागी तीन. वही माझ्या अक्षरातली, तरी मी ती चूक माझ्या अंगाला लागू दिली नाही. आपल्या रेडिओ क्लबच्या बैठकीत आठ माणसांदेखत म्हणालो, रहमान, तू टिंबं खातोस, तुझा हात गेला. मोर्सवाल्याला याहून वाईट शिवी नाही हे मला माहीत होतं, तरी म्हणालो. तू वाद घातला नाहीस. की रुमालात गुंडाळलीस, चहा अर्धा ठेवलास आणि उरणची एसटी धरलीस. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडला असतास तर दिवाळीपर्यंत मिटलं असतं.

बायकांनी मात्र काही तोडलं नाही. दिवाळीचा डबा तिकडे, ईदचा डबा इकडे चालूच राहिला. आणि आपण दोघांनीही एक गोष्ट तोडली नाही, तिच्याबद्दल मी आजपर्यंत कुणाशी बोललो नाही. त्या स्पर्धेत आपल्याच देशातल्या स्टेशनाशी बोललं तर गुण शून्य. कुणी वेळ घालवत नाही. तरी ९४ च्या स्पर्धेत, रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला, माझ्या हाकेवर तुझी हाक आली, तुझ्या स्टेशनची अक्षरं. शेवटच्या 'ए'ची रेघ ओढलेली, उंबऱ्याशी चप्पल काढताना माणूस थांबतो तशी. ती रेघ जगात दुसरं कुणी तशी ओढत नाही. पाच नऊ नऊ, बावीस. मी उलट पाच नऊ नऊ, बावीस. बावीस म्हणजे आपल्या मुलखाचा नंबर, तो काय आपण एकमेकांना सांगायला हवा होता? पण तेवढंच बोललो आणि तू गेलास. मला दिवसभर जेवण गोड लागलं. ९५ ला परत, तीच वेळ. ९६ ला परत, पण त्या वेळी तू इतकं सावकाश वाजवलंस की नवशिक्यासाठी वाजवतात तसं. मी समजलो, मला डिवचतोयस. बघ, तुला कळेल असं वाजवतो, असं. मी पण तेवढ्याच सावकाश उत्तर दिलं, मुद्दाम. काय मूर्ख असतो बघ माणूस.

या गेल्या नोव्हेंबरात रविवारी दहापासून मी तुझी वाट बघत बसलो. हेडफोन सोडून स्पीकरच लावला होता, आवाज पूर्ण. राजाबाई मधून मधून येऊन कानावर हात ठेवून उभी राहायची. हल्ली वहीत चुका फार व्हायला लागल्या म्हणून शेजारी टेपरेकॉर्डरही चालू ठेवला होता. बाराला दहा मिनिटं कमी असताना सेटचा काटा उडून नऊवर गेला आणि खरखर सुरू झाली, नुसती घरघर, थांबतेय, परत येतेय. मी म्हटलं, झालं, केशरबाईंनी मिक्सर लावला. एवढ्या जवळून एवढ्या जोरात दुसरं काय येणार? पाच-दहा मिनिटं दम धरला, मग सेट तसाच ठेवून तणतणत खाली गेलो आणि दार वाजवलं. केशरबाई काहीतरी बोलल्या, हात माळ्याकडे केला. मला वाटलं शिव्या देतायत. वर आलो तेव्हा खरखर थांबली होती. मग संध्याकाळपर्यंत बसलो. तू आला नाहीस. मी राजाबाईला म्हटलं, संपलं, या वर्षी त्यानं कानाडोळा केला.

डिसेंबरात इंद्रजित मला हाताला धरून इथल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवतात आणि ऐकू आली की बटण दाबायचं. मी बटण धरून बसलो होतो, आणि काचेपलीकडे त्या बाई माझ्याकडे बघत होत्या, की हे दाबत का नाहीत. कानाची नस गेलीय, रहमान. अठ्ठावीस वर्षं कॉम्प्रेसरपाशी उभा राहिलो त्याचं हे. यंत्र लावून बघितलं तर भांडी आदळल्यासारखा गलका येतो, शब्द येत नाही. आता राजाबाई पाटीवर लिहून बोलते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, हे आजचं नाही, निदान सहा-सात वर्षं हळूहळू चाललंय. मी घरी येऊन ती वर्षं मागं मोजत निघालो आणि वाटेतच ९३ वर थांबलो. टिंबं कुणी खाल्ली होती, तेव्हा कळलं. तुझ्या हातातून पुरी चार सुटत होती, माझ्या कानात तीन पोचत होती. त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. कागद घेऊन बसलोही. पण आठ माणसांदेखत बोललेलं एकट्यानं गिळायला जीव होईना. म्हटलं, रहमान काय कुठं पळून जात नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सबिहा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. पोरगी माझ्याशी हसली, पण बसली राजाबाईजवळ, आणि दोघींची तोंडं हलताना मी समोरून बघत होतो. ती गेल्यावर राजाबाईनं पाटी घेतली. तिला लिहायला वेळ लागतो, त्यात तिचे डोळे भरलेले. 'रहमानभावजींनी सेट विकला. की पण दिली. म्हणतात माझा हात खरंच गेला. हौसाला हाका मारमारून दमलो, त्याला एक अक्षर लागलं नाही. म्हणाले, तो साडेतीन वर्षांपूर्वीच खरं बोलला होता.' मी ती पाटी पुसू दिली नाही. मग कपाटातून नोव्हेंबरची टेप काढली. स्पीकरवरचं कापड फाडलं आणि आतल्या कागदावर दोन बोटं ठेवून टेप लावली. तू नको म्हणायचास तरी, शिकायच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच, मी मोजायला बसलो, टिंबं, एकेक करून. बाराला दहा कमी. तीन टिंबं, रेघ. दोन टिंबं, रेघ. व्ही यू, आपल्या देशाची खूण. मिक्सर नव्हता तो, तू होतास. प्रत्येक टिंब जिथल्या तिथं, दाणे निवडून ठेवल्यासारखं, आणि शेवटची रेघ, उंबऱ्यावर थांबलेली. एकदा. मग थोडं सावकाश. मग आणखी सावकाश. दहा वेळा नुसती हाक, बोटाखालचा कागद थरथरत होता. मी केशरबाईंच्या दारात, माळ्यावर पडून असलेल्या मिक्सरवरून भांडत होतो तेव्हा तू हाका मारत होतास. ९६ ला पण तू मला डिवचत नव्हतास. स्वतःच्या हातावरचा तुझा विश्वास उडाला होता, म्हणून जपून पाऊल टाकावं तसं वाजवत होतास, आणि तो विश्वास मी उडवला होता.

सेट परत घे, ती की परत आण, असं सांगायला मी लिहीत नाहीय. आणलीस तरी वाशीच्या टोकाला आता ऐकणारा कुणी नाही. सोसायटीनं नवी टाकी बसवायला घेतली, परवा माझी तार उतरवली, मी नको म्हणालो नाही. त्या स्पर्धेची वही पाठवायची मुदतही केव्हाच संपली. काही दुरुस्त व्हायचं राहिलेलं नाही. पण अकराव्या खेपेला तू नुसती हाक मारली नव्हतीस. हाकेपुढं, अगदी लहान मुलाला समजेल इतक्या हळू, क्यू आर के वाजवलंस आणि प्रश्नचिन्ह. माझं वाचता येतंय का? स्पर्धेत हे कुणी कुणाला विचारत नाही. तू विचारलंस, थांबलास, त्यापुढं टेपवर बराच वेळ नुसता कागद स्वस्थ आहे, आणि मग उत्तर तू स्वतःच ठरवून टाकलंस. ते चुकीचं ठरवलंस, एवढं सांगायला हे पत्र. सोबत कार्ड ठेवलंय, बोलणं झाल्याची पोच म्हणून आपण देशोदेशी धाडायचो तसलं, माझ्याकडचं शेवटचं. तारीख ३० नोव्हेंबर, वेळ दुपारची, तुझं नाव. रिपोर्टच्या रकान्यात पाच नऊ नऊ लिहायला गेलो आणि हात थांबला. इतकी वर्षं तेच खोटं देत आलो, या वेळी खरं लिहिलंय. एक नऊ नऊ. असा रिपोर्ट तू कधी बघितला नसशील, एवढ्या जोरात, एवढं स्वच्छ येतंय आणि एक अक्षर लागत नाही, असं कुणाचं होत नाही. त्यातला एक माझ्या कानाचा आहे. दोन्ही नऊ तुझ्या हाताचे.

तुझाच,
हौसा