जप्त शिट्टी, धरलेला पाय

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी
(पंचायत समिती पोटनिवडणूक, खैरी गण),
तहसील कार्यालय, बोरखेडी, जि. वाशीम.

अर्जदार : जगदेव विश्राम गावंडे, बी.ए. (राज्यशास्त्र), वय ५३, धंदा शेती, मु. खैरी खुर्द. कबड्डीचा सरपंच; गावाचा नव्हे.

विषय : भरारी पथकाने जप्त केलेली पितळी शिट्टी एकदा वाजविण्यापुरती परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) रविवार, दि. ८ फेब्रुवारीचा जप्ती पंचनामा.
२) आपल्या कार्यालयाने सोमवारी व मंगळवारी दिलेला तोंडी आदेश, "उद्या या".
३) अर्जदाराच्या पत्नीचा तोंडी विरोध.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी जुन्या विचारांचा माणूस आहे. कबड्डी मातीवर व्हावी, गादीवर नाही. चढाई एका दमात व्हावी. सामन्यात डीजे वाजू नये. आणि खेळाडू ज्या गावाकडून खेळतो त्याच गावाचे पाणी पिणारा असावा, अशी माझी मते आहेत. भाड्याचा खेळाडू आणि पक्ष बदललेला उमेदवार या दोघांनाही, मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे दर वेळी विचारून घ्यावे लागते. गावचा कारभारी पारावर बसून बिनविरोध ठरवावा आणि ज्याला पटत नाही त्याने चहा पिऊन घरी जावे, असेही मी उघडपणे म्हणतो. 'एक देश, एक निवडणूक' याला माझा पूर्वीपासून पाठिंबा होता. गेल्या रविवारपासून तो वाढला आहे. सगळ्या निवडणुका एकदम झाल्या तर माझी शिट्टी पाच वर्षांत एकदाच जप्त होईल.

२. आपण या भागात नवीन असल्यामुळे थोडी पार्श्वभूमी देतो. खैरी खुर्द आणि खैरी बुद्रुक यांच्यामध्ये फक्त एक नाला आणि जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. शाळेच्या मैदानावर दरवर्षी माघ महिन्यात दोन्ही गावांचा सामना होतो. पूर्वी पंच निकाल तोंडी देत असे व तो दोन्ही गावे आपापल्या सोयीने ऐकत. त्यातून एका वर्षी नाल्यातील दगड संपले. तेव्हा दोन्हीकडच्या जाणत्यांनी मारुतीच्या पारावर बसून नियम केला, तो असा : निकाल फक्त शिट्टीने द्यायचा, आणि पंचाने तो आधी कोणालाही, बायकोलाही, सांगायचा नाही. शिट्टी वाजेपर्यंत ज्याने पकड केली त्याने सोडायचे नाही आणि ज्याची पकड झाली त्याने उठायचे नाही. जो आधी सोडेल किंवा उठेल त्याचे गाव हरले. हा नियम आजवर कोणी मोडलेला नाही. घटनेत शंभरावर दुरुस्त्या झाल्या. यात एकही नाही.

३. रविवारच्या सामन्याला आपले भरारी पथक पहिल्या डावातच हजर झाले. पथकप्रमुख कर्तव्यदक्ष गृहस्थ आहेत, याबद्दल तक्रार नाही. वेळ मोजणारे गुलाबसिंग नाईक यांच्या मनगटावरील घड्याळ हे एका पक्षाचे चिन्ह असल्याने त्यावर चिकटपट्टी लावण्यात आली. त्यांच्या खांद्यावरील टॉवेलावर कमळ होते, तो उलटा करण्यात आला. खेळाडू बाद झाल्यावर मी हात वर करतो, तर उघडा पंजा हा आणखी एका पक्षाचा प्रचार होतो असे मला बजावण्यात आले, म्हणून मी मूठ वर करू लागलो. मूठ पाहून बुद्रुकच्या दोन खेळाडूंना वाटले की मी त्यांना मारायला येतो आहे. घड्याळ नसल्यामुळे अर्धा वेळ कारंज्याच्या एसटीवरून धरला. त्या दिवशी एसटी उशिरा आली. पहिला डाव त्यामुळे फार लांबला आणि एक चढाईपटू मैदानातच झोपला. हे सर्व आम्ही सोसले, कारण लोकशाही टिकली पाहिजे.

४. दुसऱ्या डावाच्या शेवटी गुण समसमान होते. शेवटची चढाई खुर्दची. चढाईवर गेला तो प्रज्वल जगदेव गावंडे. आडनावावरून आपल्या लक्षात आले असेल. माझा मुलगा आहे. त्याने एकाला शिवले आणि वळला, तोच बुद्रुकचा कप्तान अमान याने झेप घेऊन त्याचा उजवा घोटा धरला. अमान हा बांगड्यांचे दुकान चालविणाऱ्या युसूफभाईंचा मुलगा. प्रज्वल पालथा पडला आणि त्याने उजवा हात मध्यरेषेकडे फेकला. मध्यरेषा चुन्याच्या फक्कीने आखलेली होती. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा प्रज्वलची मूठ बंद होती. खुर्द ओरडले, "टेकला! टेकला!" बुद्रुक ओरडले, "कायचा टेकला! चार बोटं अलीकडं हाये!" मी शिट्टी तोंडाला लावली.

५. याच क्षणी व्यासपीठावरून अपक्ष उमेदवार श्री. बबनराव उठले. ते आमच्या खुर्दचेच, चषकही त्यांनीच ठेवलेला. आदल्या दिवशीच त्यांना शिट्टी हे चिन्ह मिळाले होते. ते पथकप्रमुखांना मोठ्याने म्हणाले, ते शब्दशः देतो : "साहेब, हा माणूस माह्या निशाणीचा जाहीर प्रचार करून राह्यला. जप्त करा ते शिट्टी!" पथकप्रमुखांनी विचारले, "अहो, पण निशाणी तुमचीच ना?" बबनराव म्हणाले, "माहीच व्हय. म्हनूनच सांगतो. कायद्यापुढं म्या माह्या बापालेबी सोडत नाई."

स्वतःच्या चिन्हाविरुद्ध स्वतः तक्रार करणारा उमेदवार मी राज्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही. कारण मात्र साधे होते. खैरी गणात खुर्द आणि बुद्रुक दोन्ही येतात. शिट्टी खुर्दच्या बाजूने वाजली की बुद्रुकची मते गेली. बुद्रुकच्या बाजूने वाजली की खुर्दची गेली. बबनरावांना शिट्टी हवी आहे, फक्त वाजलेली नको. शिट्टी माझ्या ओठांवरून काढून, पिशवीत घालून, लाखेचे सील मारून नेण्यात आली. पंचनाम्यात तिचे वर्णन 'प्रचारसाहित्य, ओले' असे आहे.

६. तेव्हापासून, महोदय, प्रज्वल मैदानात पालथा आहे आणि अमानने त्याचा घोटा धरलेला आहे. आज बुधवार.

७. दोघांचीही प्रकृती बरी आहे. रात्री अमान आपले मनगट आणि प्रज्वलचा घोटा दुपट्ट्याने बांधून झोपतो. नैसर्गिक विधीसाठी दोघे घोटा न सोडता सरपटत शाळेच्या मागे जातात. ते 'उठणे' ठरत नाही, असा निर्णय मी मूठ वर करून दिला आहे. माझी पत्नी सौ. रंगूबाई खुर्दकडून डबा पाठवते, युसूफभाईंच्या पत्नी रहमतबी बुद्रुककडून. सोमवारपासून अमान आमचे पिठले खातो आणि प्रज्वल त्यांच्या घरचे कबाब. दोन्ही गावे अंतरावर बसून एकमेकांना शिव्या देतात आणि हे दोघे मध्ये ओला हरभरा खात मोबाईलवर क्रिकेट पाहतात. मी मंगळवारी जवळ गेलो तेव्हा अमान म्हणाला, "काका, एकडाव वाजवा न जी. याचा पाय नाई दुखत, पन माहा हात पार सुन्न झाला." त्यावर प्रज्वल म्हणाला, "सोड मंग. कोन म्हनते धर म्हनून?" आणि दोघे हसले. मुलगा घरी माझ्याशी इतका बोलत नाही.

८. पारावरच्या काही मंडळींनी, अमानने प्रज्वलचा पाय धरला, हा राष्ट्रीय प्रश्न करून पाहिला. एकाने इतिहास सांगितला, दुसऱ्याने मोबाईलवर काही फिरवायला घेतले. राष्ट्रीय प्रश्नांवर माझी मते कडक आहेत आणि ती मी पारावर रोज सांगतो. पण कबड्डीबाबत मी त्याहूनही जुन्या विचारांचा आहे. कबड्डीत पाय धरला म्हणजे पाय धरला. धरणारा कोण, हे विचारायचे असते ते फक्त गुण कोणत्या बाजूला लिहायचा यासाठी. मी असे म्हटल्यावर मला पारावर सरकून जागा देणारे त्या दिवशी सरकले नाहीत.

९. पर्याय करून पाहिले नाहीत असे नाही. दुसरी शिट्टी आणावी म्हणून कारंज्याला माणूस पाठवला. रस्त्यातच नाक्यावर तीही जप्त झाली. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी सुचविले की सर्व उमेदवारांना समान संधी द्यावी, म्हणजे शिट्टी वाजल्याबरोबर कपबशीवाल्यासाठी कपबशी वाजवावी आणि ट्रॅक्टरवाल्यासाठी ट्रॅक्टर सुरू करावा. कपबशी तयार आहे. ट्रॅक्टर धक्का दिल्याशिवाय सुरू होत नाही आणि धक्का कोणत्या गावाने द्यायचा यावर एकमत नाही. सोमवारी दुपारी अंगणवाडीत चतुराबाईंनी पोरांच्या खिचडीसाठी कुकर लावला. त्याची शिट्टी झाली आणि बुद्रुकचे लोक गुलाल घेऊन नाचत मैदानात आले. दुसरी शिट्टी झाली, तेव्हा खुर्दचे लोक आले. मला तो निकाल फेटाळावा लागला, कारण कुकरने सामना पाहिलेला नव्हता. चतुराबाई तेव्हापासून डाळ उघड्या पातेल्यात शिजवतात आणि मला उद्देशून काहीतरी पुटपुटतात.

१०. आता आपल्या अडचणीचे. येत्या शनिवारी मतदान आहे. केंद्र त्याच शाळेत आहे. मतदारांची रांग मध्यरेषेवरून जाते. आपल्या मतदारांना माझ्या मुलाला ओलांडून मत द्यावे लागेल, आणि मुलगा स्वतः मतदार आहे. त्याचे पहिलेच मत आहे. तो पालथ्या अवस्थेत, पायाला प्रतिस्पर्धी घेऊन केंद्रात सरपटत आला, तर गुप्त मतदानाचे काय करायचे, याचा विचार व्हावा. अमानचे नाव बुद्रुकच्या, म्हणजे दुसऱ्या यादीत आहे.

११. खरी अडचण मात्र माझी आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. शिट्टी परत यावी असे खुर्दमध्ये अर्जदाराशिवाय कोणालाच वाटत नाही. बरोबरी म्हणजे हार नाही, तर राहू द्या तसेच, असे गावाचे मत झाले आहे. बबनरावांनी घरी येऊन सांगितले, "जगदेवभाऊ, तुमी फकस्त चूप राहा. शनिवारनंतर पाहू." घरात सौ. म्हणतात, "शिट्टी घरात आनली त चुलीत घालीन. पोराच्या इरुद वाजवाची असंन त आधी मले सांगा." मी सांगितले नाही, नियम आहे. न सांगण्यावरून त्यांनी काय समजायचे ते समजून घेतले आणि माझे ताट वाढणे बंद केले. सामन्याला पंच म्हणून मला गेली कित्येक वर्षे दोन्ही गावे बोलावतात. जमीन माझी कोरडवाहू आहे, पदवी द्वितीय श्रेणीची आहे. दोन्ही गावांनी निमूट ऐकावे अशी माझी एवढी एकच वस्तू आहे, आणि ती आपल्या कपाटात सीलबंद आहे.

१२. आज सकाळी मी मैदानात गेलो. रविवारपासून प्रज्वलने उजवी मूठ उघडली नव्हती. खुर्दचे म्हणणे, मुठीत चुना आहे. बुद्रुकचे म्हणणे, काहीच नाही. तो डाव्या हाताने जेवत होता. रहमतबी न्याहारी घेऊन आल्या आणि त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाल्या, "बेटा, हात धुवून घे. मंग खा. कोनी काई इचारनार नाई." त्यांच्याच मुलाचा निकाल त्या पाण्यात वाहून गेला असता, हे त्यांना कळत होते. प्रज्वल म्हणाला, "नको चाची. धुतला त लोक म्हनतीन, चुना धुवून टाकला." मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि मूठ उघडली. म्हणाला, "बाबा, पाहून घ्या. अन् लवकर वाजवा."

मी पाहिले. काय पाहिले, ते शिट्टी वाजेपर्यंत नियमानुसार या अर्जातही लिहिता येत नाही.

१३. तरी विनंती की :
(अ) सदर शिट्टी पथकाच्या देखरेखीखाली उद्या, गुरुवारी, एकदा वाजविण्यापुरती मैदानावर आणावी. वाजवून झाल्यावर ती लगेच पुन्हा जप्त करण्यास अर्जदाराची हरकत नाही.
(आ) त्या वेळी श्री. बबनराव यांना आपल्या कार्यालयात काही चौकशीसाठी बसवून ठेवावे. चौकशी कशाची, हे ठरविण्यास आपण समर्थ आहात.
(इ) शिट्टी वाजल्यानंतर खुर्दमध्ये मला व माझ्या मुलाला काही दिवस जेवण मिळण्याची शक्यता नाही. बुद्रुकमध्ये रहमतबींनी दोघांचाही स्वयंपाक सांगून ठेवला आहे. पण जिंकलेल्या घरी पंचाने त्याच दिवशी जेवू नये, असे माझे जुने मत आहे. सबब पथकाची गाडी परत जाताना तीत कारंज्यापर्यंत दोन आसने मिळावीत. तिथे मुलाला बसस्टँडवर कचोरी चारीन आणि मतदानापुरते शनिवारी दोघे परत येऊ.

निर्णय आपल्या हाती आहे, म्हणजे आपल्या कपाटात आहे. त्याची वाट पाहत मूठ वर करून थांबलेला,

आपला नम्र,
(सही)
जगदेव विश्राम गावंडे
मु. खैरी खुर्द
दिनांक : ११ फेब्रुवारी, बुधवार

सोबत :
१) जप्ती पंचनाम्याची प्रत.
२) सौ. रंगूबाई गावंडे यांचे ना-हरकत प्रमाणपत्र. (मागितले, मिळाले नाही.)
३) चि. प्रज्वलच्या उजव्या तळहाताचे छायाचित्र, त्याच्याच आग्रहावरून, बंद पाकिटात. शिट्टी वाजल्यावरच उघडावे. शिट्टी देणार नसाल, तर पाकीट न उघडता प्रज्वलला परत करावे. पत्ता : मध्यरेषेच्या चार बोटे अलीकडे.