पहिलं नाव

प्रिय पूर्णिमा,

दिवाळीला येणार नाही म्हणालीस. त्याचं नंतर लिहितो. आधी तुझ्या वर्गातल्या मुलांचा प्रश्न, कारण तो ऐकून या निवृत्त मास्तराच्या अंगात वारं भरलंय. पालपिट्टा, म्हणजे आपला चास, आदिलाबादच्या कापसाच्या शेतांत तारेवर बसलेला हमखास दिसतो. मग त्याच्या शास्त्रीय नावात बंगाल कशाला? त्यांना सांग, पहिल्यांदा नाव देणाऱ्यासमोर बंगालमधल्या पक्ष्याचं वर्णन होतं, म्हणून 'बेंगालेन्सिस'. त्याने त्याला कावळ्यांच्या घराण्यात घातलं होतं. पुढे ते बदलून 'कोरेशियस' आलं, पण त्याचाही अर्थ कावळ्यासारखा असाच! इतका निळाशार पक्षी, आणि कावळा! मागच्या बाकावरची पोरं इथे खुदखुदायची. पण आमच्या शास्त्राचा कायदा असा, की घराणं बदललं तर आडनाव बदलतं; पक्ष्याचं स्वतःचं पहिलं नाव टिकतं. मागाहून कुणी कितीही देखणं नाव शोधलं तरी ते पर्यायी म्हणून कोपऱ्यात बसतं.

माणसांत मात्र उलटं. लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीने तुझ्या आईचं नवं नाव 'दमयंती' लिहिलं. हंसाने निरोप नेला ती दमयंती; पक्ष्यांच्या मास्तराला दुसरं काय सुचणार? माहेरी ती भागाबाई. प्राध्यापकाच्या बायकोला ते शोभायचं नाही असं सगळ्यांचंच मत पडलं. तिलाही नवं नाव आवडलं होतं बरं का! तांदूळ गोळा करायला आलेल्या बाईला तिने थांबवलं आणि ते पुन्हा एकदा वाचलं.

आता ती दमयंतीला ओ देत नाही. मी हाका मारमारून थकतो आणि कधी कधी रागावतोही, खोटं कशाला सांगू. डॉक्टर म्हणतात, तिला ऐकू सगळं येतं. दसऱ्याला पालपिट्टा दिसणं शुभ, म्हणून तिला तुझ्या मामाच्या शेतावर नेलं. मी बोट दाखवून दाखवून सांगत होतो, पण ती आपली पदराशी चाळा करत उभी. तेवढ्यात तुझा मामा नागोराव बांधावरून ओरडला, "भागे, थो पाय चास!" तिने गर्रकन मान वळवली आणि हसून म्हणाली, "कुठी हाय रे, दादा?" किती महिन्यांनी हसली ती! मी तिथेच धुऱ्यावर बसून रडलो.

बेटा, फोनवर तू आई, आई म्हणत राहिलीस, तिने "कोन बाई?" विचारलं, आणि त्यानंतरच तुला सुट्टी मिळेनाशी झाली, हे मला कळतं. तिची नावं शेवटून गळून चालली आहेत. 'आई' हे नाव तिला सगळ्यांत शेवटी मिळालं, तुझ्यामुळे मिळालं, म्हणून ते सगळ्यांत आधी गेलं. त्यात तिचा दोष नाही आणि तुझा तर नाहीच नाही. म्हणून हे पत्र. तू ये. दारातूनच "भागे" म्हण. जीभ रेटणार नाही, माझीही आधी रेटली नाही. पण ती वळून बघेल आणि तुला जवळ बसवून घेईल. काल मी तशी हाक मारली, तर पाट सरकवून म्हणाली, "बसा पावने, जेवून जा." मी तिचा पाहुणा होऊन पोटभर जेवलो.

वाट बघणारा, तुझाच
बाबा